सकाळी आठ, रात्री आठ

चिठ्ठीवर एवढंच असतं : लेव्हेटिरासिटाम ५००, १-०-१, एक महिना. खाली सही. पहिली फिट आलेली असते लग्नाच्या हॉलमध्ये, एसटीत, नाहीतर सकाळी न्हाणीघरात. मग धावपळ, आयसीयू, एमआरआय, ईईजी. चार-पाच दिवसांनी माणूस घरी येतो तेव्हा हातात ही चिठ्ठी असते. घरच्यांना वाटतं, निदान झालं, औषध मिळालं, सुटलो. रुग्णाचं काम तिथून सुरू होतं, आणि त्याची कल्पना त्याला क्वचितच कोणी देतं.

या लेखासाठी पुणे, सांगली आणि कराड परिसरातल्या ज्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं झालं, त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या दोन वाक्यांतच सांगितलं, नाव छापू नका. मधुमेहावर किंवा बायपासवर लिहिताना हे ऐकावं लागत नाही. नावं छापलेली नाहीत. पण हे लपवणं आणि गोळी वेळेवर पोटात जाणं यांचं नातं किती जवळचं आहे, हे मला त्या बोलण्यांतूनच कळत गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि औषध मिळालं तर त्यांतले ७० टक्के लोक फिटशिवाय जगू शकतात. हा आकडा प्रत्येक पत्रकावर असतो. त्याच्या पोटात दडलेली गोष्ट मात्र पत्रकावर नसते. ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कुठलंच औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्या औषधावर फिटमुक्त झाले, दुसऱ्यावर आणखी १३ टक्के, आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयत्नांत मिळून जेमतेम ४ टक्के. म्हणजे पहिली चिठ्ठी बदलली जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच. ती बदलली की घरात मात्र म्हणतात, ‘डॉक्टरांना काही कळत नाही,’ आणि दुसऱ्या गावच्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर लावला जातो.

औषध लगेच सुरू करायचं की नाही, हाही प्रश्नच असतो. एकच फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नव्हे. अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येप्रमाणे, चोवीस तासांहून अधिक अंतराने आणि तात्कालिक कारणाशिवाय आलेल्या दोन फिट लागतात. किंवा एकच फिट, पण एमआरआय-ईईजीवरून पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा त्याहून जास्त दिसायला हवी. ईईजी साफ आली म्हणून आजार नाही असंही होत नाही. पहिली ईईजी कित्येकांची साफ येते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत काही रुग्णांना औषध ताबडतोब दिलं, काहींना थांबून दिलं. ताबडतोब घेणाऱ्यांना पहिल्या दोन वर्षांत फिट कमी आल्या, पण पाच वर्षांनी दोन्ही गट जवळपास एका पातळीवर होते. कमी धोक्याच्या रुग्णाबाबत ‘बघू या, थांबू या’ म्हणणारा डॉक्टर आळशी नसतो. आपल्याकडे त्याला तसं समजतात.

हिंजवडीतल्या कंपनीत काम करणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणाची गोष्ट त्याच्या आईने सांगितली. दोन फिट आल्या, लेव्हेटिरासिटाम सुरू झालं, फिट थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याने दुधाची पिशवी फुटली म्हणून कपाटाला लाथ घातली. ‘हा कधी आवाज चढवून बोलत नव्हता हो. वडिलांना उलट बोलला, नंतर रडला. आम्हाला वाटलं, आजाराचा धसका घेतलाय. माझी जाऊ म्हणाली, बाहेरचं काहीतरी बघून घ्या.’ बाहेरचं बघण्याआधी धाकट्या भावाने गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला म्हणून बरं झालं.

चिडचिड, चटकन भडकणं, उदास वाटणं हे या औषधाचे डॉक्टरांना चांगले माहीत असलेले परिणाम आहेत. सगळ्यांना होत नाहीत. बहुतेकांना हे औषध सोसतं. त्याचा इतर गोळ्यांशी फारसा झगडा नाही, यकृतावर भार नाही, लवकर लागू पडतं, म्हणून ते आज पहिल्या पसंतीचं झालं आहे. ज्यांना सोसत नाही त्यांना दुसरं औषध हळूहळू चढवून हे उतरवता येतं. त्या तरुणाच्या बाबतीत तेच केलं. काही डॉक्टर सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. त्याचा पुरावा अजून पातळ आहे. माझं म्हणणं एवढंच की ‘चिडचिड झाली तर कळवा’ हे वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात. ते पाच सेकंद न मिळालेली घरं मी पाहिली. फिटच्या सगळ्याच औषधांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली इशारा दिला होता : थोड्या रुग्णांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ शकतात. असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, मनानेच गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केलेली गोळी फिटची रांग लावू शकते, आणि न थांबणारी फिट जिवावर बेतते.

प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा. फेनिटोइन, म्हणजे गावोगावच्या मेडिकलमध्ये ‘एप्टॉइन’ नावाने मागितली जाणारी गोळी, सरळ हिशेबात बसत नाही. एका मर्यादेपर्यंत यकृत ती पचवत राहतं आणि मग एकदम थकतं. तिथून पुढे डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण भसकन वर जातं, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. सांगलीच्या एका गृहस्थांना नाक्यावर पोलिसांनी थांबवून तोंडाचा वास घेतला होता, ते याच्याच पायी. वर्षानुवर्षं घेतलं तर हिरड्या वाढतात. दंतवैद्याकडे गेल्यावर आधी हे औषध सांगावं. कार्बामाझेपिन सुरुवातीला भारी वाटतं, डोकं जड, दोन-दोन दिसतं. मग तीन ते पाच आठवड्यांत ते आपल्याच विघटनाचा वेग वाढवून घेतं आणि तोच डोस अपुरा पडू लागतो. डॉक्टर पॉवर वाढवतात तेव्हा ‘आजार वाढला’ असं घरी सांगितलं जातं. लॅमोट्रिजिन तर मुद्दामच मुंगीच्या पावलांनी, २५ मिलिग्रॅमपासून, आठवडे लावून चढवतात, कारण घाई केली तर अंगावर घातक पुरळ उठू शकतं. ‘महिना झाला तरी अर्धीच गोळी, हे कसलं औषध’ म्हणून स्वतःच दुप्पट करणारे लोक असतात. नव्या गोळीनंतर ताप, अंगावर लाल चट्टे, तोंडात फोड आले तर वाट बघायची नाही, तडक डॉक्टर गाठायचा.

ही औषधं मुळात सापडली तीही बरीचशी चुकून, हे इथे सांगायचा मोह आवरत नाही. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून फेनोबार्बिटल दिलं, तर त्यांच्या फिटच कमी झाल्या. आपल्याकडे ‘गार्डिनल’ म्हणून दिली जाणारी गोळी ती हीच, शंभरी ओलांडूनही ती अजून कामावर आहे. १९६२ साली फ्रान्समध्ये पिएर एमार नवी रसायनं तपासत होता. जे रसायन घ्यावं ते फिट थांबवत होतं. अखेर लक्षात आलं, की गुण रसायनांचा नव्हता, ती ज्या द्रावकात विरघळवली होती त्याचा होता. तो द्रावक म्हणजे व्हॅल्प्रोइक आम्ल, आजचं ‘व्हॅल्पारिन’ किंवा ‘एन्कोरेट’.

याच व्हॅल्प्रोएटची गोष्ट कराडजवळच्या एका मुलीपाशी घेऊन जाते. ती एकोणीस वर्षांची आणि नर्सिंगला आहे. दहावीपासून सकाळी उठल्यावर तिचा हात झटका बसल्यासारखा उडायचा. चहाचा कप पडायचा, कंगवा उडून जायचा. घरात नाव पडलं, धांदरट. परीक्षेच्या काळात रात्र जागून अभ्यास केल्यावर सकाळी मोठी फिट आली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं. औषध चांगलं, पण या प्रकाराला चुकीचं. तिचे झटके वाढले. पुढे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ‘सकाळी कप पडतो का?’ आई चकित झाली. कप पडण्याचं कोणी डॉक्टरांना सांगतं का? कुमारवयात सुरू होणारा हा अपस्माराचा एक ठरावीक प्रकार आहे. त्यात झटके बहुधा सकाळी येतात, आणि जागरण हा त्याचा मोठा शत्रू.

या प्रकारावर सगळ्यात गुणकारी औषध व्हॅल्प्रोएट. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत अशा सर्वांगी प्रकारांत ते लेव्हेटिरासिटामपेक्षा सरस ठरलं. पण गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या दर दहा आयांपैकी साधारण एकीच्या बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. वजन वाढणं, केस गळणं, पाळी बिघडणं हे वेगळंच. म्हणून मुलीला सरस औषध द्यायचं की सुरक्षित, हा पेच डॉक्टरांपुढे असतो. तो तिच्यासमोर, तिला कळेल अशा भाषेत मांडायला हवा. या मुलीशी तज्ज्ञ मोकळेपणाने बोलले. तिच्या संमतीने लेव्हेटिरासिटामवर सुरुवात झाली आणि झटके जवळजवळ थांबले. पण बाकी ठिकाणी काय होतं? मला भेटलेल्या तिशीतल्या एका बाईंना सात वर्षं व्हॅल्प्रोएट चालू होतं. दिवस राहिल्यावर मेडिकलवाल्या काकांनी गोळीचं नाव पाहून विचारलं, ‘ताई, हे डॉक्टरांना सांगितलंय ना?’ तोवर दोन महिने उलटले होते.

घाबरून गोळी फेकून देणं हाही उपाय नाही. गरोदरपणात आलेली मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्याची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही चालवली जाते. त्यात दिसतं ते हेच, की औषधं नीट ठरवून घेतलेल्या बहुसंख्य बायकांना निरोगी मुलं होतात. ठरवायचं मात्र दिवस राहण्याआधी. आणि कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही. हे सांगायला आपल्या डॉक्टरांना, विशेषतः अविवाहित मुलीला सांगायला, संकोच वाटतो.

लग्नाचा विषय निघाला की घरातलं बोलणं कुजबुजीत होतं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीपासून अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा वेडाच्या झटक्यांच्या शेजारी बसवलेला अडसर होता. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली एका पतीचा घटस्फोटाचा दावा फेटाळताना स्पष्ट म्हटलं, की अपस्मार हा असाध्य आजार नाही आणि मनोविकारही नाही. कायदा इतका पुढे आला. बघण्याच्या कार्यक्रमात मात्र अजून कोणी तोंड उघडत नाही. मुलीला सांगितलं जातं, सासरी गोळ्या दिसता कामा नयेत. एका सुनेने वर्षभर गोळ्यांची स्ट्रिप तांदळाच्या डब्यात ठेवली होती. सकाळी आठला सासूबाई स्वयंपाकघरात असल्या, की गोळी दहाला. पाहुणे असले की नाहीच. मंगळागौरीच्या जागरणानंतर तिला सगळ्यांसमोर फिट आली. लपवलेलं ते तसंही उघडं पडलं, वर दोन दात तुटले.

लेव्हेटिरासिटामचं रक्तातलं प्रमाण सहा ते आठ तासांत निम्म्यावर येतं. ‘सकाळी आठ, रात्री आठ’ या आग्रहामागे हे साधं कारण आहे. सकाळची गोळी चुकली तर संध्याकाळपर्यंत रक्तात फारसं काही उरत नाही. जुन्या फेनोबार्बिटलला तेच व्हायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे ते रात्री एकदा घेतलं तरी चालतं आणि एखादी चूक पोटात घालतं. नव्या गोळीने कमी सुस्ती दिली, बदल्यात घड्याळ मागितलं. चुकलेल्या गोळीचं काय करायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं. बहुतेक औषधांत आठवल्याबरोबर घ्यायची असते. पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नसतात. दीर्घकाळ विरघळणारी गोळी चुरडून दुधात घालू नये, एकदम सगळं औषध सुटतं. उपवासाला गोळी चालते का, हा प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू आला. चालते, पाण्याबरोबर. नवरात्रात नऊ दिवस निर्जळी करण्याचा हट्ट मात्र या आजारात परवडत नाही.

एका मेडिकलवाल्यांनी दाखवलेली गोष्ट. एकाच कुटुंबात एका महिन्याला एका कंपनीची गोळी, दुसऱ्या महिन्याला दुसऱ्या, कारण ‘जे उपलब्ध ते द्या.’ जेनेरिक स्वस्त असतं आणि त्यात वाईट काही नाही. महिन्याला परवडलं नाही म्हणून औषध सुटण्यापेक्षा जनऔषधीतली गोळी लाख पटीने बरी. पण फेनिटोइनसारख्या नाजूक हिशेबाच्या औषधात जे एकदा ठरलं ते शक्यतो तेच ठेवावं, आणि बदललं तर डॉक्टरांना सांगावं. ते काका स्वतःच रुग्णांना महिना संपायच्या पाच दिवस आधी फोन करतात. ‘स्ट्रिप संपल्यावर रविवार असतो,’ म्हणाले, ‘नेहमीच असतो.’

गोळी वेळेवर घेणाऱ्यालाही कधी फिट येतेच, तेव्हा शेजारी धावतो तो कांदा घेऊन. कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा, हे सगळे उपाय यशस्वी ठरतात याचं कारण असं, की बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. करायचं ते थोडंच : कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर दवाखाना. अलीकडे डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून देतात. तो कपाटात कुलपात ठेवू नये.

सांगलीकडच्या एका शिक्षक जोडप्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला फिट आली तेव्हा एमआरआयमध्ये एक बारीक कडं दिसलं. मेंदूतली जंताची गाठ. वडील डॉक्टरांवर रागावले, ‘आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.’ डुकराचं मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो हे खरं. मेंदूतली गाठ मात्र त्या जंताच्या अंड्यांनी होते, आणि ती येतात मैल्यातून, नीट न धुतलेल्या कोथिंबीर-गाजर-पालकातून, अस्वच्छ हातांतून. शाकाहारी माणसाला काही सूट नाही. भारतात फिटचं हे मोठं कारण आहे, आणि दिलाशाचंही : गाठ विरून गेली तर गोळ्या इतरांच्या मानाने लवकर सुटू शकतात. गाठीच्या जागी चुन्याचा ठिपका राहिला तर मात्र जास्त काळ घ्याव्या लागतात.

वडिलांना हे सगळं पुण्यात ‘संवेदना’च्या बैठकीत बसून नीट समजलं. स्वतः अपस्मार अनुभवलेल्या यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला हा स्वमदत गट. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनच्या डॉ. निर्मल सूर्य यांनी ग्रामीण महाराष्ट्रात शिबिरं घेतली, तिथेही औषधाइतकंच हे बोलणं महत्त्वाचं असतं. ओपीडीतल्या पाच मिनिटांत जे मावत नाही, ते तिथे दुसरा रुग्णच सांगतो : रात्रीच्या गोळीने मलाही गरगरायचं, दीड महिन्यात बसलं.

गोळी कधी सुटणार, हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो आणि प्रत्येक भेटीत राहतो. दोन वर्षं फिट नसलेल्या १,०१३ रुग्णांवर ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली, १९९१ साली तिचे निष्कर्ष आले. हळूहळू औषध बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के पुढची दोन वर्षं फिटशिवाय राहिले, चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के. दोन्ही आकडे मला बोलके वाटतात : औषध घेऊनही शंभरातल्या बावीस जणांना पुन्हा आली, आणि सोडूनही निम्म्याहून जास्तांना आली नाही. मग निर्णय आजाराच्या प्रकारावर, एमआरआयवर आणि माणसाच्या आयुष्यावर ठरतो. गाडी चालवायची आहे का? वाहन परवान्याच्या अर्जातल्या शारीरिक क्षमतेच्या घोषणेत फिटचा प्रश्न असतोच. उंचावर, यंत्रावर काम आहे का? एकट्याने राहायचं आहे का?

कराडच्या त्या मुलीचे वडील दर भेटीला विचारतात, आता तरी बंद करू या का. तिच्या प्रकारात औषध सोडल्यावर फिट परत येण्याचं प्रमाण फार मोठं आहे, त्यामुळे तज्ज्ञ नाही म्हणतात. तिला स्वतःला गोळीची अडचण राहिलेली नाही. तिची अडचण दुसऱ्या वर्षापासूनच्या रात्रपाळ्यांची आहे. सलग जागरण म्हणजे सकाळचे झटके, हे ती आता पुस्तकातूनही शिकली आहे. सलग रात्रपाळ्या लावू नयेत, असा अर्ज तिने तज्ज्ञांच्या पत्रासह कॉलेजात दिला. वडिलांनी आधी विरोध केला, कारण अर्जात आजाराचं नाव लिहावं लागणार होतं. तिने लिहिलं. मेट्रन बाईंनी वाचून विचारलं, ‘एक दिवसाआड लावली तर चालेल का?’ ते डॉक्टरांना विचारून सांगते, असं ती म्हणाली आहे.